भिंतीतल्या चुलीचं दूध

सरूबाई : मी न्हाई केलं ताई. धुरानं केलं.

पायल : आणि धूर कुणी केला?

सरूबाई : लाकडांनी.

पायल : आणि लाकडं कुणी पेटवली, मावशी?

सरूबाई : आता तुमी लय खोलात शिरताय.

पायल : अकरा दिवस! अकरा दिवस मी ह्या भिंतीला चुन्याचे हात देत बसलेय. पांढरी, दुधासारखी भिंत. मध्ये फायरप्लेस, बाजूला तीन पितळी ताटल्या आणि वर काही नाही. ती मोकळी जागा हेच माझं डिझाइन होतं. आणि आता बघा, फायरप्लेसनं जीभ काढून दाखवल्यासारखी काजळी थेट छतापर्यंत!

सरूबाई : दुधासारखी भिंत म्हनता, मग मी दुधाचाच मान केला की. नवी भिंत, नवी चूल. आत तीन दगडं मांडली, तांब्याभर दूध ठिवलं...

पायल : फायरप्लेसमध्ये?

सरूबाई : भिंतीत घातली म्हनून ती चूल न्हाई व्हय? आमच्या आंदर मावळात पत्र्याच्या खोपीतबी पयलं दूध उतू घालत्यात, मग भाकरी. हितं तर एवढा बंगला.

पायल : मग गेलं का उतू?

सरूबाई : गेलं ना! उगवतीला गेलं, अगदी बघन्यासारखं. पन धूर एवढा, की बघनार कोन?

सोपान : (छपरावरून, धुराड्यातून आवाज देत) मॅडम! चोर गावला! धुराड्यात पोतं हाय. लय दाबून बसवलंय.

पायल : कुणी बसवलं, सोपानभाऊ?

सोपान : ...कुनीतरी बसवलंय.

सरूबाई : सोपाना, आषाढात पानी उतरतंय म्हनून पोतं घेऊन कोन चढलतं रे वर?

सोपान : चढवलं तुमीच की मावशी! "कोंब" म्हनालात, कोंबलं. "काढ" कुनी म्हनालंच न्हाई.

पायल : आता मी म्हणते. काढा!

सोपान : निघंना झालंय. फुगलंय. वलवणहून माझा भाऊ बोलावू का?

पायल : वेळ नाही हो! भिंत बघायला मालकीणबाई, अनघाताई, पुण्याहून निघाल्या. मेसेज आलाय, कामशेतला चहाला थांबल्यात.

सरूबाई : चहा गरम असला म्हंजी अर्धा तास गेला. फुंकून फुंकून पित्यात त्या.

पायल : मावशी, तुम्हांला अंदाज नाहीये. पहिल्यांदा मी काळा दगड लावला. त्या म्हणाल्या, "पायल, इथं बसायचं की प्रदक्षिणा घालायची?" मग आरसे लावले. म्हणाल्या, "शेकायला बसले की समोर मीच. मला मी पुण्यात पुरते." ही तिसरी भिंत. ही नाही पटली, तर बंगल्याच्या किल्ल्या त्या शनिवार-रविवार भाड्यानं देणाऱ्या लोकांकडं जाणार. माझं हे पहिलं स्वतःचं काम आहे. पहिलंच, आणि बहुतेक शेवटचं.

सरूबाई : किल्ल्यांचं मला ठाव हाय. आरसे बघायला आल्या तवा फोनवर बोलत होत्या, अन् मी हितंच फडकं मारत होते.

पायल : किती वेळ फडकं मारत होतात?

सरूबाई : फोन संपस्तोर. म्हनून तर दूध ठिवलं ना! दूध उतू गेल्याबिगर घर मानसाला धरून ठिवत न्हाई. किल्ल्या गेल्या, की हितं दर शनवारी ढिंगच्याक ढिंगच्याक, अन् सोमवारी तुळशीत बाटल्या. शेजारच्या बंगल्यात बघते की मी.

पायल : म्हणजे घर वाचवायला तुम्ही भिंत जाळलीत.

सरूबाई : जाळली न्हाई. जरा करपली. आना ते फडकं, पुसून टाकू.

पायल : नको! ओलं नको! मावशी... अहो मावशी!

सरूबाई : ...अगं बया.

पायल : मघाशी जीभ होती. आता सगळा चेहराच काळा झाला.

सरूबाई : चुना हाय का शिल्लक?

पायल : आहे, पण वाळायला दोन दिवस. ओला चुना राखाडी दिसतो.

सरूबाई : मग मोठा आरसा परत आना.

पायल : मग त्या मला पुण्यात पोचवतील. तुमचं ते सूप आणा, स्वयंपाकघरातलं. तेच टांगून झाकू.

सरूबाई : सूप केवढं, काजळी केवढी! बैलाच्या पाठीवर टिकली लावल्यावानी दिसंल.

सोपान : मॅडम, माझं ऐकता का? मोठं कायतरी पाहिजे. मागं लाकडांवर मावशींचं इरलं टाकलंय, बघा.

सरूबाई : तू पोतं काढ रे! खाली कान कशाला लावतोस?

सोपान : मी कुटं लावतोय? धुराडंच माझ्या कानाला लागलंय.

पायल : इरलं म्हणजे?

सरूबाई : भातलावनीला पावसात डोक्यावरनं पाठीवर घ्यायचं. बांबूच्या कामट्या, मधी पानं. वाकलं तरी पाठ कोरडी. माझ्या सासूनं विनलंय. आता असं कुनी विनत न्हाई, समदी प्लास्टिकची घोंगती घेत्यात.

पायल : उभं केलं तर केवढं होतं?

सरूबाई : माझ्याएवढं.

पायल : आणि रुंद?

सरूबाई : तेबी माझ्याएवढं. हसू नका.

पायल : मावशी, आणा ना ते. एकच खिळा मारते. बघा तर किती सुंदर दिसेल! पांढऱ्या भिंतीवर ते पानांचं, कामट्यांचं जाळं...

सरूबाई : मघाशी ते "मावशी, हा कचरा मागं टाका" असं कोन म्हनलतं?

पायल : ...मी म्हटलं होतं.

सरूबाई : कचऱ्याला खिळा कशाला मारायचा? उगा भोक पडंल भिंतीला.

पायल : मावशी, पाया पडते.

सरूबाई : पाया नगं. एक अट हाय. मिरग निघाला, की माझं इरलं खाली. लावनीला मी तेच घालते. शेतात पानी अन् माझं इरलं बंगल्यात मिरवतंय, असं चालायचं न्हाई.

पायल : कबूल. जूनपर्यंत मी इथं असले तर स्वतः काढून देईन.

सरूबाई : आनि अजून एक.

पायल : आणखी?

सरूबाई : पुन्हा कचरा म्हनायचं न्हाई.

पायल : कानाला खडा.

सोपान : मॅडम, हातोडी मी हत्यारांच्या पेटीखाली ठिवलीय.

पायल : हो, सापडली. मावशी, धरा. वर... अजून वर. डावीकडे. तुमच्या डावीकडे!

सरूबाई : माझी डावी हीच हाय. तुमी फिरलाय.

पायल : आता बघा. काजळी कुठं दिसते का?

सरूबाई : खाली वीतभर जीभ हाय अजून.

पायल : तिथं माझ्या सामानातली घुंगरमाळ सोडते. ...झालं? झालं! मावशी, हे माझ्या डिझाइनपेक्षा बरं दिसतंय.

सरूबाई : सासूबाई माझ्या, जिवंत असताना पाहुन्यांपुढं येत नव्हत्या. आता बघा कशा दिवानखान्यात बसल्यात.

पायल : काय गुणगुणताय?

सरूबाई : कायी न्हाई. आपली ओवी.
भिंतीतली चूल बाई, न्हाई तवा न्हाई काठवट,
भाकरीबिगर ऊब, तिचा मोठा थाटमाट.

पायल : मला चिडवताय.

सरूबाई : चुलीला चिडवतेय. तुमाला चिडवायला दुसरी हाय.

सोपान : ओ मॅडम! पांढरी गाडी वळली! आंब्याच्या वळनावर हाय!

पायल : पोतं निघालं का?

सोपान : अर्धं. अर्धं आत, अर्धं माझ्या हातात.

पायल : मग आता गप्प बसा. खाली उतरू नका, काही बोलू नका. मावशी, तुम्ही हसू नका.

सरूबाई : मी हसत न्हाई. माझं तोंडच तसं हाय.

अनघा : दार उघडंच आहे वाटतं. कसला वास येतोय? सरूबाई, काय करपलं?

सरूबाई : या बाई. लाकडं जरा वली होती.

पायल : नमस्कार अनघाताई. प्रवास कसा झाला?

अनघा : चहा गोड होता, रस्ता नव्हता. हं. बाजूला हो बघू. मला भिंत बघू दे.

पायल : हे इरलं आहे. स्थानिक वस्तू, हातानं विणलेली. पांढऱ्या चुन्यावर त्याचं टेक्श्चर—

अनघा : मला माहितीय इरलं. कुणाचं?

सरूबाई : माझं. मिरगाला खाली येनार.

अनघा : म्हणजे वापरातलं आहे?

सरूबाई : व्हय. भिंतीवर उनाळ्या-हिवाळ्यात बसंल, पावसाळ्यात माझ्या पाठीवर.

अनघा : चांगलं आहे. बाकीच्या दोन भिंतींपेक्षा पुष्कळ चांगलं. पायल, ह्या वेळी तू मला दुकानात बसवलं नाहीस.

पायल : थँक यू, ताई.

अनघा : पेटव बघू.

पायल : काय?

अनघा : फायरप्लेस. थंडी आहे, मी आलेय, लाकडं रचलेली आहेत. पेटव.

पायल : आत्ता लगेच? ती लाकडं ओली आहेत, ताई. आणि चुना अजून... म्हणजे पहिल्या महिन्यात उष्णता...

सरूबाई : अन् इरलं वाळलेल्या पानांचं हाय बाई. एक ठिनगी उडाली, की माझ्या सासूचं परत एकदा दहन.

अनघा : मग शेकोटीवर टांगलंय कशाला? जिथं विस्तव पेटवायचा नाही, तिथं विस्तवाची जागा कशाला ठेवायची?

पायल : ते... फोटोसाठी तात्पुरतं...

सोपान : मॅडम, निघालं पोतं! पार मोकळं झालं! काजळी दिसत न्हाई ना आता? झाकली ना नीट?

अनघा : कोण बोललं हे?

सरूबाई : धुराडं.

अनघा : सरूबाई, धुराडं मला मॅडम म्हणत नाही.

सरूबाई : तुमाला न्हाई, ह्यांना म्हनलं.

पायल : ताई, मी सांगते. सगळं सांगते.

अनघा : थांब. आधी ते इरलं उतरव. हळू. पानं मोडू नकोस. ...अरे बापरे.

पायल : चूक माझी आहे. मी धुराडं तपासायला हवं होतं. मी सगळं पुन्हा पांढरं करून देते, त्यानंतर तुम्ही दुसऱ्या कुणाला काम दिलंत तरी—

सरूबाई : चूक त्यांची न्हाई बाई. मी दूध उतू घातलं.

अनघा : काय घातलं?

सरूबाई : दूध. नव्या चुलीवर. धुराड्यात पोतं होतं, ते ध्येनात न्हाई ऱ्हायलं.

अनघा : कुठल्या बाजूला गेलं?

पायल : धूर ना? सगळा वरच—

अनघा : धूर नाही गं. दूध. कुठल्या बाजूला उतू गेलं, सरूबाई?

सरूबाई : उगवतीला.

अनघा : नक्की?

सरूबाई : डोळ्यांत धूर होता, पन वघळ बघा की तुमी. त्या दगडावर अजून हाय. उगवतीच्या खिडकीच्या अंगाला गेलाय.

अनघा : ...हो. गेलाय खरा.

पायल : ताई, खाली नका बसू, राख आहे तिथं. साडी...

अनघा : असू दे. पायल, बारा वर्षं झाली हा बंगला घेऊन. शनिवारी यायचं, रविवारी जायचं. हे असताना तर आम्ही चहाचं दूधसुद्धा पुण्याहून तापवून थर्मासमधून आणायचो. "कशाला दोन दिवसांसाठी पातेली खराब करायची," असं मीच म्हणायचे. बारा वर्षांत ह्या घरात दूध तापलंच नाही.

सरूबाई : ठाव हाय. थर्मास मीच धुवायची.

अनघा : मग तेव्हा बोलला नाहीत ते?

सरूबाई : तवा तुमी विचारलं न्हाई. अन् तवा तुमी किल्ल्या द्यायला निघाल्या नव्हत्या.

अनघा : फोन ऐकलात वाटतं.

सरूबाई : फडकं मारत होते.

अनघा : अस्सं. आणि हा तोंडाला काळं फासल्यासारखा डाग?

पायल : तो पुसायला गेल्यामुळं पसरला. दोन दिवसांत मी तो—

अनघा : पसरलेला पूस. पुसता आला नाही तर चुना लाव. पण ही वरची सरळ रेघ आहे ना, तिला हात लावायचा नाही.

पायल : म्हणजे... काजळी ठेवायची?

अनघा : तुझ्या फोटोत चालेल का?

पायल : फोटोत? मी तर... हो. चालेल. पळेल! पण ताई, तुम्हांला दगड नको होता, आरसे नको होते. आणि ही काजळी चालते?

अनघा : दगड काय, आरसे काय, ते तू आणलेलं होतंस. हे इथं झालंय. हसताय काय सरूबाई?

सरूबाई : हसत न्हाई. ओवी आठवली. ही दुसरी.
धुराची काळी रेघ, चढली गं आढ्याला,
पेटली चूल कळं, वाटंवरल्या गाड्याला.

अनघा : पुन्हा म्हणा.

सरूबाई : फुकट पुन्हा म्हनत नसते. आधी शेकोटी पेटवू. दूध हाय अजून, चहा टाकते ह्याच्यावरच. पायलताई, इरलं दाराआडच्या खुंटीला लावा, हितनं लांब. हां, तितंच. जाता-येता हाताला येईल असं.

पायल : खुंटीला छत्री आहे ताईंची.

अनघा : असू दे. दोन्ही मावतील एका खुंटीवर.

सोपान : ओ मॅडम... मी उतरू का? हितं वारं लय सुटलंय. बाई गेल्या का?

पायल : अहो सोपानभाऊ, शू! ताई, मी सांगते त्याला—

अनघा : थांब, मी सांगते. ह्या धुराड्यात तोंड घालून बोलायचं ना? सोपान! नाही गेल्या! राहायला आल्यात!