बाबांनी विसळलेला कप

अरे, माझ्या शॉर्टफिल्मचा शेवटचा शॉट कसा मिळाला, ते सांगितलंच नाही ना तुम्हाला? शूटिंग आमच्याच अंबरनाथच्या घरात, बापाच्या रोलमध्ये आमचे बाबा. कॅमेरा उल्हासनगरच्या एका लग्नवाल्या व्हिडिओग्राफरचा, त्याला तो संध्याकाळच्या लग्नासाठी परत हवा. सीन साधाच. मुलगी नोकरी सोडल्याचं सांगून बाहेर निघून जाते आणि चिडलेला बाप समोरच्या चहाला हातही लावत नाही. पण दर टेकला बाबा चहा पिऊन मोकळे!

"बाबा, तुम्ही चिडलायत! चहा तसाच राहिला पाहिजे."

"राग पोरीवर आहे ना? मग चहाने काय घोडं मारलंय?"

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, राग आला की ते चहा पितातच. फक्त मग कप स्वतः विसळून ठेवतात. एरवी उचलतात तरी का?"

आईशप्पथ, अंगावर काटा आला! म्हटलं, हाच शॉट! कॅमेरा सिंककडे वळवला आणि ॲक्शन म्हटलं. बाबांनी चहा संपवला, गपचूप उठले आणि कप विसळायला लागले.

आईनेच तर हे सुचवलेलं. तरी ती कणकेच्या हातांनी थेट फ्रेममध्ये शिरली आणि हळूच म्हणाली, "अहो, काय झालं? कोणी काही बोललं का तुम्हाला?"

बाबा कप विसळत राहिले. म्हणाले, "काही नाही."

मी कट म्हटलंच नाही. फिल्म तिथेच संपते.