मैदालकडीच्या झाडाखाली मोडलेला पाय

शेकोटीत दोन फाटी सरकवा, आन् ऐका. मधी कुनी हसलं तर मी उठून जाईन, आत्ताच सांगतो.

माझी चुलती, बमाकाकी. हाडवैद्याची लेक, बापाचा हात तिच्यात उतरलेला. लगीन होऊन आमच्या धनगरवाड्यावर आली. एक दिस काका कड्यावरनं पडला, नडगी मोडली. काकीनं चाचपून हाड जागेवर बसवलं, कामट्या बांधल्या. पन लेपाला मैदालकडीची साल न्हाई घरात! लेप न्हाई तर सूज चढनार, हाड सरकनार, पाय जनमभर वाकडा. वाकड्या पायाचा धनगर मेंढरामागं काय चालनार?

झाड एकच, खिंडीतल्या वाटंवर. आन् तिथं काय बसतं ते सगळ्या वाडीला ठावं. एक बाप्या फुडं येईना! सासू म्हनली, "बमे, सकाळच्याला जा."

"सूज काय सकाळची वाट बघती व्हय?" काकीनं कोयता घेतला. निघाली.

अंधार कसला! डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. झाड हातानं चाचपलं, एका अंगाची वीतभर साल काढली. चहूबाजूंनी सोललं तर झाड मरतं, बापानं शिकवलेलं. साल लुगड्याच्या ओट्यात टाकली. तर ओटा रिकामा! चाचपलं तर साल परत झाडावर, जागच्या जागी चिकटलेली!

"मेल्या, खेळ करतोस?" परत काढली. परत गेली. मग वरनं काकाचा आवाज. "बमेऽ, मी मेलो गं! आता साल कशाला?"

कोयता जागीच थांबला, खोटं कशाला बोलू. पन बोलली काय? "मेला असशील तर वरडतोस कसा?"

मग उतरलं की खाली! ताडमाड. निखाऱ्यावानी डोळे, त्याच उजेडात दिसलं सगळं. पाय उलटे! टाचा फुडं, बोटं मागं. धरली की काकीची मान! दम कोंडला. आन् मरताना बाईची नजर गेली कुठं? त्याच्या पायावर!

"आरं आरं," घोगऱ्या आवाजात म्हनली, "कुना गाढवानं बसवला रं ह्यो पाय? थांब!" घातला हात घोट्याला. गुडघा रोवला. दिला हिसका, कडाक्!

असं बोंबललं, असं बोंबललं, खालच्या गावची कुत्री उठली! मान सुटली. लंगडत पळालं वरच्या रानात. काकी मागनं वरडती, "थांब की मुडद्या, दुसरा ऱ्हायलाय!" कोन थांबतंय?

आता काढलेली साल ओट्यातच ऱ्हायली. धापा टाकत घरी आली, दगडावर वाटून लेप दिला. त्याच पायावर काका माझ्या लग्नात गजी नाचला.

तरी त्या वाटंनं जाऊ नका. चिखलात अजून माग दिसतो, एक पाऊल सरळ, एक उलटं. धड फुडं जाता येईना, धड मागं. येईल त्याला आडवं येतं, दुसरा पाय फुडं करतं, म्हनतं, "बसव."

काकी तर गेली. आन् तुमच्यात हाड बसवाय येतंय कुनाला?