कोरड्या बोरचा सत्कार

माझी मान एवढी ताठ कावून, असं इचारता न्हवं? ऐका मग.

आमची लेक शीतल परदेशात असती. तिथं मोठ्या बोगद्यात कण एकमेकांवर आपटतात. त्यातून नवा कण कुठं निघंल, हे ती आधीच गणितानं सांगती. दुष्काळात ती गावी, चौसाळ्याला आली, तर दूध सोसायटीनं चारा छावणीतच तिचा सत्कार ठेवला.

चेअरमन माईकवर म्हणले, "आपल्या लेकीनं नवा कण शोधला!"

शीतलनं माईक घेतला. "न्हाई काका. मी सांगितलेल्या जागी कण सापडलाच न्हाई. माझं गणित चुकलं. पण आता तिथं कुणाला परत शोधाया नको."

शाल चेअरमनच्या हातातच राहिली. मी मान खाली घातली.

तेवढ्यात किसनआबा उठले. हातावर नारळ धरून बोरची जागा दाखवणारे आमचे पाणाडे.

"चाळीस वर्षं पाणी दाखवतोय," आबा म्हणले. "बोर कोरडा गेला, की त्या गावात मी परत पाय ठेवत न्हाई. ही पोरगी स्वतःचा कोरडा बोर माईकवर सांगती. चेअरमन, शाल घालता, का माझी घोंगडी आणू?"