मार्लिस कोण लागायची

...नाही गं, एकटं कसलं वाटतंय — तुम्हा शिकागोजवळच्या, नेपरव्हिलच्या लोकांना वाटतं, दोन-दोन मैल नुसता मका, मग ही बाई बोलते तरी कुणाशी? बोलायला होती की. मार्लिस होती. खिडकीतून तो निळा सायलो, चाऱ्याचा मनोरा, दिसतोय ना, ते तिचं घर, आता तिचा मुलगा राहतो तिथे. पाऊण मैल. चालत यायची. तू नीट बस ना राधिका, मागे टेकू नकोस, त्या खुर्चीचा पाय हलतो. फोन ठेव इथेच टेबलावर. रेकॉर्ड होतंय? होऊ दे. तुमच्या मंडळाच्या अंकाला खेड्यात राहिलेल्या जुन्या मराठी माणसांच्या आठवणी हव्यात ना — मग मार्लिसला वगळून माझ्याकडे आठवण तरी कुठली आहे?

आम्ही आलो शहाऐंशी साली. आमचे हे गुरांचे डॉक्टर, परभणीला शिकलेले, अमेरिकेत येऊन परत सगळ्या परीक्षा दिल्या — आणि नोकरी मिळाली ती या अकराशे वस्तीच्या गावात, कारण दुसरं कोणी यायलाच तयार नव्हतं. लोक वाईट नव्हते हं. रस्त्यात हात करायचे, केक आणून द्यायचे, पण ह्यांना गोठ्यात बोलवायचे नाहीत. आधीचा म्हातारा डॉक्टर रिटायर झालेला, त्याला घरून उचलून न्यायचे. पहिला फोन कुणी केला? मार्लिसच्या नवऱ्यानं, डेलनं. आणि त्याला कुणी करायला लावला, ते काय सांगायला पाहिजे? मी नाशिकची, भर वस्तीत वाढलेली, मला गाडी धड येत नव्हती. पहिल्याच थंडीत गाडी घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली — मागे आमचा संग्राम, सात महिन्यांचा — तर ही बाई ट्रॅक्टर घेऊन आली, साखळी बांधली, गाडी ओढून काढली, आणि मला एका शब्दानं काही बोलली नाही. फक्त संग्रामला उचलून आपल्या कोटाच्या आत घेतलं. तो तिला आजी म्हणायचा, मार्लिस आजी. त्याला काय माहीत, गोरी आजी नि काळी आजी. माझी आई गेली तेव्हा इथे असं बर्फ, की शिकागोहून विमान सुटेना. मी नुसती बसून होते. ही आली, पिशवीभर सफरचंदं घेऊन, टेबलाशी बसली आणि दिवसभर सोलत राहिली. दुपारी म्हणाली, निला, तूही एक घे. मी घेतलं. हातांना काम मिळालं तेव्हा मला रडू आलं. असं होतं बघ आमचं. ती दार वाजवायची नाही कधी. पायऱ्यांवरूनच हाक — निला! — आणि आत. बूट बाहेर काढायचे हे मात्र शिकली होती माझ्याकडून. थालीपीठ केचपबरोबर खायची. मी ओरडायचे.

तू रत्ना सबनीसांना ओळखतेस का गं? नेपरव्हिलच्याच. सुमंत सबनीस, रत्ना सबनीस — नाही? नक्की? कारण तुमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. बरं. ...नाही, काही नाही. त्या आमच्या विहीणबाई. संग्रामच्या सासूबाई. चांगल्या आहेत हो. खूप चांगल्या आहेत. मोना तर सोन्यासारखी पोरगी.

पहिल्यांदा आले ना ते इकडे, मोनाला घेऊन, घर बघायला — आता नऊ वर्षं होतील. मेच्या अखेरीस. मी चार दिवस आधीपासून घर घासत होते. हसू नकोस. तुला नाही कळायचं, तू आत्ता आलेली. तुमच्या मंडळाच्या गणपतीला आम्ही वर्षातून एकदा यायचो तेव्हा बायका विचारायच्या, मिस्टर काय करतात? मी म्हणायचे, डॉक्टर आहेत. कुठलं हॉस्पिटल? मग सांगावं लागायचं. मग त्या म्हणायच्या, अय्या, हो का, किती इंटरेस्टिंग — आणि त्यांचे डोळे दुसरीकडे कोणी भेटतंय का ते शोधायला लागायचे. तीस वर्षं हे ऐकलं. ह्यांना काही वाटायचं नाही, ते तिथेच उभं राहून कुणालाही गाईचं बाळंतपण सांगतील. मला वाटायचं. आणि आता संग्रामसाठी असं घर चालून आलेलं. नवरा-बायको दोघं मोठ्या कंपनीत, शालू नेसल्यासारखं बोलणं. मला वाटलं, एक दिवस, फक्त एक दिवस आपल्या घराला शेणाचा वास येऊ नये.

आणि त्याच सकाळी मार्लिसची कालवड अडली. पहिलटकरीण, वासरू आडवं. हे गेले. जाणारच. पाहुणे आले तेव्हा घरात मी एकटी. संग्राम मोनाला तळं दाखवायला घेऊन गेला. मी ह्या दोघांना सोफ्यावर बसवलं, पन्हं दिलं, रत्नाताई म्हणाल्या, उल्हासराव नाहीत? म्हटलं, इमर्जन्सी आली. सुमंतरावांनी मान हलवली. इमर्जन्सी हा शब्द बरा वाटला त्यांना.

तेवढ्यात — निला! — आणि आत. मार्लिस. ह्यांचा निरोप घेऊन आलेली, की अजून तासभर लागेल, जेवायला थांबू नका, आणि धुतलेला शर्ट दे. कोपरापर्यंत हात लडबडलेले, पुसले होते पण पुसल्यानं काय होतंय. केस कपाळाला चिकटलेले. सॉक्समधून अंगठा बाहेर. आणि दुसऱ्या हातात पाय — अगं, खायचा, भट्टीत भाजलेला. रुबार्बचा, त्या आंबट लाल देठांचा. पाहुणे येणार हे तिला मी महिनाभर सांगत होते ना, मग सकाळी कालवड अडायच्या आधी उठून केला होता तिनं. आणि तोंडभर हसत होती. तिच्या संग्रामची होणारी सासू! तिला वाटलं मी म्हणेन, या बघा, ही मार्लिस.

रत्नाताईंनी पदर असा नाकाशी नेला. मुद्दाम नाही गं, आपोआप जातो हात. आणि मराठीत विचारलं, ही कोण?

मी म्हटलं, कामाला येते.

...हो. असंच. कामाला येते. तीनच — दोनच शब्द. मी आधी काही ठरवलं नव्हतं, शप्पथ सांगते. तोंडातून निघून गेलं. आणि मला वाटलं, गेलं ते गेलं, मराठीत आहे, तिला कुठे कळतंय. पण रत्नाताईंचा चेहरा असा खुलला! उठल्या, तिच्याकडे वळल्या आणि इंग्लिशमध्ये म्हणाल्या — अगदी गोड आवाजात हं — नीलांबरी सांगतायत, तुम्ही त्यांच्याकडे घरकाम करता. आम्हाला नेपरव्हिलमध्ये कोणी मिळतच नाही चांगलं. किती घेता तुम्ही?

मार्लिसनं माझ्याकडे बघितलं.

मी काय केलं असेन? सांग. मी शर्ट आणायला आत जाऊ शकले असते. हसून म्हणू शकले असते, अहो चेष्टा केली मी. काही नाही केलं. मी पन्ह्याच्या ग्लासकडे बघत उभी राहिले. आणि ती बाई, दीडशे एकरांची मालकीण, चाळीस गाईंची मालकीण, ती म्हणाली — निलाकडे तीस वर्षं आहे मी. दुसऱ्या कुणाकडे जमायचं नाही मला.

आणि तो पाय ताटलीसकट ओट्यावर ठेवला, हात धुतले, माझा एप्रन घातला आणि सिंकमधली भांडी घासायला लागली. सगळी घासली. कढईसुद्धा. मी त्यांच्यासमोर बसून संग्रामचा पगार, घर, काय काय बोलत होते आणि मागून नळाचा आवाज. मग तिनं शर्ट मागितला, मी दिला, ती गेली. मागच्या दारानं.

मंगळवारी परत आली. नेहमीसारखी, भाजी घेऊन. पण दार वाजवलं. मी उघडेपर्यंत बाहेर उभी राहिली. मला वाटलं आज वाजवलं, उद्या नाही वाजवणार. पण नाही. त्या दिवसापासून शेवटपर्यंत, प्रत्येक वेळी. आणि हसून बोलायची हं. तेच बोलणं, तेच हसणं. फक्त दार वाजवायची.

लग्नाला? तेच सांगतेय. लग्न हॉटेलात, तीनशे माणसं, सगळ्यात पुढच्या टेबलावर तिला बसवायचं असं संग्राम लहानपणापासून म्हणायचा. आता तिथे रत्नाताई तिला ओळखणार. मी महिनाभर झोपले नाही धड. एकतर सगळं खरं सांगायचं, नाहीतर तिला बोलवायचं नाही. आणि माझी मजल कुठपर्यंत गेली सांगू? पत्रिका छापून आली, तिच्या नावाची मी वेगळी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. दहा दिवस ठेवली. मग एका मंगळवारी तीच म्हणाली, निला, माझा गुडघा फार दुखतोय, मला नाही जमायचं लग्नाला. गुडघा! आदल्या दिवशी शिडीवर चढलेली बघितली होती मी तिला. तिनं गोधडी शिवली होती दोघांसाठी, ती दिली. मी म्हटलं, अगं असं काय, यायलाच पाहिजे तुला — म्हटलं की मी तसं, आग्रह केला — आणि मनातून इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं... त्याचीच जास्त लाज वाटते मला. ते दोन शब्द चुकून गेले म्हणू. हे हलकं वाटणं कसं चुकून म्हणू?

संग्राम तिच्यावर रुसला. वर्षभर. तिनं रुसू दिलं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये गेली ती. कॅन्सर. घरीच होती, हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत बघणारी, नर्स यायची. मी रोज जायचे, दूध-भात भरवायचे. एकदा धीर केला. खोलीत कोणी नव्हतं. म्हटलं, मार्लिस, त्या दिवशी, ते पाहुणे आले होते ना — तर तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, हो, मिळालं का गं त्यांना कोणी कामाला?

रागानं नाही. टोमणा नाही. मला वाटतं तिला मला मदतच करायची होती, शेवटचं. दार उघडून दिलं होतं तिनं, मी नुसतं आत जायचं होतं. आणि मी म्हटलं — हो, मिळालं.

ती म्हणाली, बरं झालं. आणि डोळे मिटले.

...ह्यांना? छे. ह्यांना काही माहीत नाही. ह्यांना अजून गुडघाच माहीत आहे. चर्चमध्ये मलाच बोलायला लावलं सगळ्यांनी, तीस-चाळीस वर्षांची मैत्रीण म्हणून, मी बोलले, ती मला बहीण लागायची म्हणाले, लोक रडले. हे पण रडले. तिच्या मुलानं मला मिठी मारली, म्हणाला — जाऊ दे. काय म्हणाला ते नको.

थांब. गाडीचा आवाज आला. तेच. त्याच गोठ्यातून येतायत, अजून जातात, सवयीनं. हे बघ, ते आत येतील, तिचं नाव निघालं की तासभर बोलतील, डोळ्यांत पाणी आणतील. तू ऐक, मान हलव, तेच छाप. फोन बंद कर तो. पुस आधीचं. पुस म्हणते ना!

...आलात? हात धुवा आधी. ही राधिका, मंडळातून आलीये, जुन्या दिवसांबद्दल विचारायला. मार्लिसबद्दल ऐकायचंय तिला.

नाही हो, मी कुठे काय सांगितलं अजून. तुम्हीच सांगा.