दाढीवाल्याचा आवाज

रंगारी : ...तुझा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. दातांच्या दवाखान्याचं छत. पांढऱ्याचा दुसरा हात चालला होता. तू म्हणालीस, "भाऊजी, ताई गेली." आणि मी विचारलं, "कुठे गेली?"

धाकटी : हो. मी म्हटलं, आधी शिडीवरून उतरा.

रंगारी : ब्रश हातातच राहिला बघ. तसाच हॉस्पिटलात आलो. नर्स म्हणाली, काका, तो ब्रश कुठेतरी ठेवा, फरशीवर थेंब पडतायत.

धाकटी : भाऊजी, पुरे आता.

रंगारी : तूच विचारलंस, त्या दिवशी कुठे होतात म्हणून.

धाकटी : विचारलं, चुकलं माझं. आज कामाला आलेय मी, हो की नाही? तासाभरात शाळेची गाडी येईल. ताईच्या रेकॉर्डी न्यायच्यात आणि अजून एक खोका भरलेला नाही. तुम्ही फोनवर म्हणालात, सगळ्या ऐकून झाल्या, काय ठेवायचं काय द्यायचं ठरलं.

रंगारी : ठरलं की. तो मोठा ढीग द्यायचा. हा छोटा ठेवायचा.

धाकटी : छोटा म्हणजे दोनच?

रंगारी : दोन पुष्कळ झाल्या.

धाकटी : ताईने जन्मभर जमवलेल्या, आणि तुम्हाला दोन आवडल्या? बघू मोठा ढीग. मला शाळेत पोरांना सांगावं लागेल काय काय आहे ते. ही जॅझ. ही का नको?

रंगारी : मालकाने रंग ठरवलेला नाही आणि रंगारी कामाला लागलेत. एक जण हिरवा लावतोय, दुसरा गुलाबी, तिसरा नुसता डबा वाजवतोय. आणि घाई किती! जणू पाहुणे दारात उभे आहेत.

धाकटी : घाई? यात? बरं. ही पियानोची?

रंगारी : वाटाण्याचं पोतं जिन्यावरून सोडल्यासारखं. पहिला मजला बरा वाटला. पण इमारत फार उंच आहे.

धाकटी : आणि ऑपेरा?

रंगारी : त्या बाईला कुणीतरी सांगा की विंचू मेला. केव्हाच मेला. आता खाली उतर म्हणावं टेबलावरून.

धाकटी : हसवू नका, माझ्या हातून पडेल. ही वाद्यवृंदाची?

रंगारी : सगळं गाव मिळून एका दाराला रंग लावतंय आणि मुकादम काडी घेऊन नुसता उभा.

धाकटी : त्याला संचालक म्हणतात.

रंगारी : मुकादमच. मी बरेच पाहिलेत.

धाकटी : ही अंगाईगीतांची आहे. ही तर मी लहानपणापासून ऐकलीय. हिच्यात काय वाईट आहे?

रंगारी : पाळण्यातलं पोर उठून थेट नोकरीला लागेल.

धाकटी : काय बोलता तुम्ही! ठेवायच्या ढिगात काय आहे मग? ही निळी...

रंगारी : ती कव्हरसाठी ठेवलीय. आत काय आहे ते देव जाणे, टाळ्या वाजवत कुणीतरी पळतंय. पण हा निळा बघ. हा निळा कुठल्या डब्यात मिळत नाही. मी कितीदा मिसळून पाहिला, दर वेळी जांभळ्याकडे जातो.

धाकटी : आणि ही दुसरी?

रंगारी : ही मात्र खरी आवडली. दणदणीत आहे. पुट्टी घासताना लावली तर माणूस एका दिवसात घर घासून काढेल. हिच्यावर मी सगळे पंखे पुसले.

धाकटी : भाऊजी, या बँडची ही सगळ्यात संथ रेकॉर्ड आहे. ताईच्या डोळ्यांतून पाणी यायचं ही ऐकताना.

रंगारी : पाणी? हिच्यावर?

धाकटी : हिच्यावर.

रंगारी : घ्या. हेच ते. इतकी वर्षं एका घरात काढली आणि माणसाला रडू कशावर येतं ते मला माहीत नाही.

धाकटी : तसं नका हो म्हणू.

रंगारी : तसंच आहे, धाकटे. मी तुला रेकॉर्डी लगेच का दिल्या नाहीत? म्हटलं, एकेक ऐकू. ती दुपारी लावायची, मी कामावर. संध्याकाळी लावायची, मी मोरीत नळाखाली हात घासतोय. आता सवडीने बसू आणि बघू तिला यात काय दिसायचं. वाटलं होतं, एक तरी सापडेल जी आम्हा दोघांना आवडली असती. रोज जेवण झालं की एक लावतो. पण खरं सांगू? मला सगळ्या सारख्याच वाटतात. सगळ्यांना कुठेतरी पोचायचंय. आणि आवाज कसे निवडायची ती! हा बघ, कव्हरावरचा हा दाढीवाला. एवढा धिप्पाड माणूस. मान बैलासारखी. आणि आवाज पहिलीतल्या पोरीचा.

धाकटी : कुणाचा?

रंगारी : ह्याचा. मला तर दया आली. म्हटलं, एवढं शरीर दिलं देवाने आणि ऐनवेळी गळ्यात कंजुषी केली.

धाकटी : भाऊजी, हा गायला लागला की आमच्या घरची कपबशी हलायची. याच्याइतका खर्ज कुणाचा नव्हता.

रंगारी : मग दुसऱ्या कुणाची रेकॉर्ड याच्या कव्हरात गेली असेल.

धाकटी : नाव तर याचंच आहे. लावा बघू.

रंगारी : लावतो. पण हसू नकोस हं, गरीब वाटतो बिचारा.

(सुई टेकते. थोड्या वेळाने दारावर थापा पडतात.)

मावशी : अरे रंगाऱ्या! दार उघड! तो पोपट आधी पिंजऱ्यात घाल!

रंगारी : या मावशी. या वरच्या मजल्यावरच्या मावशी, धाकटे. मावशी, ही माझ्या बायकोची धाकटी बहीण, शाळेत गाणं शिकवते.

मावशी : गाणं शिकवतेस? मग याला शिकव आधी. दुपारची डोळा मिटून पडले होते. रात्री जेवणानंतर चालतं तेवढं सोसते मी, आता दुपारीही? अगं, तुझी बहीण लावायची तेव्हा मी माझं दार उघडं ठेवायचे, फुकट ऐकायला. हा लावतो तेव्हा खिडक्यासुद्धा लावून घेते.

रंगारी : त्याच रेकॉर्डी आहेत मावशी.

मावशी : त्याच कशा असतील? तिच्या वेळी माणसं गायची. आता घरात माकडांचं लग्न चाललंय.

धाकटी : भाऊजी, थांबा. हसू आवरेना... अहो, मशीन जोरात फिरतंय! हे बघा, हा बाजूचा खटका. छोट्या रेकॉर्डी जोरात फिरवायच्या असतात, मोठ्या हळू. खटका छोट्यांवर आहे. तुम्ही सगळ्या मोठ्या रेकॉर्डी छोट्यांच्या वेगाने ऐकल्यात. सगळ्या! म्हणून अंगाईवर पोर नोकरीला लागतंय! थांबा, मी हा आत्ता...

रंगारी : हात लावू नकोस.

धाकटी : नुसता सरकवायचाय.

रंगारी : हात लावू नकोस म्हटलं ना!

मावशी : अरे, ओरडतोस काय पोरीवर?

रंगारी : ओरडलो नाही. बस, धाकटे. मावशी, तुम्हीही बसा. मशीन बंद करतो आधी. हं. त्या दिवशी हॉस्पिटलातून घरी आलो ना, तर हे मशीन फिरत होतं. रिकाम्या घरात. गाणं केव्हाच संपलेलं, सुई मध्ये खरखर करतेय. एक छोटी रेकॉर्ड होती वर. ती ऐकत असताना तिच्या छातीत कळ आली असेल, नाहीतर ती मशीन बंद केल्याशिवाय कधी जिना उतरली नसती. मी सुई उचलली. रेकॉर्ड कव्हरात घातली. बाकी कशाला हात लावला नाही. तो खटका तिने सरकवलेला आहे. त्याच्यावर शेवटचं बोट तिचं आहे.

धाकटी : मला माहीत नव्हतं भाऊजी.

रंगारी : तुला कसं माहीत असणार? धूळ पुसताना मी तेवढी जागा सोडतो. खिडकी रंगवताना काच सोडतो ना, तशी.

मावशी : म्हणजे तुला माहीत होतं की तो खटका वेगाचा आहे?

रंगारी : छे हो. मला वाटलं, आवाजाचा असेल नाहीतर दिव्याचा. काय करायचंय? जसं तिने ठेवलं तसं राहू दे.

मावशी : आणि तसं ठेवून तिच्याच गाण्यांची माकडं केलीस.

धाकटी : मावशी, जाऊ द्या. भाऊजी, राहू दे तो खटका. नाही हलवायचा. असं करू, माझ्याकडचं मशीन मी तुम्हाला आणून देते. हे असंच झाकून ठेवा.

रंगारी : दुसरं मशीन?

धाकटी : हो. आवाज याच्याहून चांगला आहे.

रंगारी : ती याच्यावर ऐकायची.

धाकटी : मग काय करायचं?

मावशी : मी सांगू? अडाणी बाई आहे मी, गाण्यातलं कळत नाही. पण मला एक सांग रंगाऱ्या, तुझी बायको दिवसाला एकच रेकॉर्ड ऐकायची का?

रंगारी : एकाने तिचं काय होतंय? सगळी दुपार वाजवायची.

मावशी : छोटी झाली की मोठी, मोठी झाली की छोटी. मग तो खटका ती दिवसातून किती वेळा इकडून तिकडे करत असेल! तो काय देव्हाऱ्यातला देव आहे? तिचं हातातलं काम होतं ते, अर्धं राहिलेलं. ती छोटी संपली असती, कळ आली नसती, तर तिनेच उठून तो परत ढकलला असता आणि मोठी लावली असती. तू दातवाल्याचं छत अर्धं टाकून आलास ना? मग? माझ्या शेवटच्या ब्रशाची खूण आहे म्हणून तसंच ठेवलंस?

रंगारी : पुरं केलं. तेरावा झाल्यावर जाऊन पुरं केलं.

मावशी : का केलंस?

रंगारी : का म्हणजे? अर्धं छत वाईट दिसतं.

मावशी : झालं तर मग.

धाकटी : मावशी, तुम्ही वकील व्हायला हव्या होतात.

मावशी : नवरा होता ना वकील. सगळ्या केसेस घरी मी जिंकायचे.

रंगारी : धाकटे, कुठल्या बाजूला ढकलायचा?

धाकटी : डावीकडे. पण नको वाटत असेल तर...

रंगारी : डावीकडे म्हणजे माझ्या की मशीनच्या?

धाकटी : तुमच्या. हळू. कट् असा आवाज येईल.

रंगारी : आला.

मावशी : बघ, आभाळ नाही कोसळलं. आता लाव त्या दाढीवाल्याला.

रंगारी : लावतो... आई गं!

धाकटी : काय म्हणत होते मी? कपबशी हलते की नाही?

रंगारी : हा तर खरंच धिप्पाड आहे. मान शोभते त्याला आता. अरे... थांब. थांब जरा. हा आवाज मी ऐकलाय.

धाकटी : ऐकला असेलच की. ताईचा फार लाडका होता.

रंगारी : नाही, तसं नाही. मी मोरीत हात घासायचो ना, तेव्हा भिंतीतून असा घुंऽऽ यायचा. नळ बंद केला तरी यायचा. मला वाटायचं, इमारतीचा पाण्याचा पंप बिघडलाय.

मावशी : काय?

रंगारी : मी पंपवाल्याला बोलावलंसुद्धा. दोन वेळा. तो सगळं खोलून बघायचा आणि म्हणायचा, काका, पंप एकदम ठीक आहे.

मावशी : तो तू होतास? त्या दोन्ही दिवशी पाणी नव्हतं आम्हाला! डोक्याला साबण लावून बसले होते मी!

धाकटी : ताईला माहीत होतं हे?

रंगारी : तिला सांगितलं होतं, पंपाचा फार आवाज येतो, लक्ष ठेव. ती म्हणाली, हो, रोज संध्याकाळी येतो, मला तर आवडतो.

धाकटी : आणि काही बोलली नाही?

रंगारी : काही नाही. टॉवेल दिला आणि हसत हसत आत गेली. मला वाटलं, माझ्या नाकाला रंग लागलाय. आरशात बघून आलो.

मावशी : वस्ताद होती बाई. वस्ताद.

रंगारी : आता कळलं का हसली ते. छान गातो की गं हा. एकही ब्रश जास्तीचा फिरवत नाही. जिथे सोडायचं तिथे सोडतो. हे तिने मला सरळ सांगायचं ना, की ये, बस, पंप गातोय.

धाकटी : तुम्ही बसला असतात?

रंगारी : ओल्या हाताने बसलो असतो... गाडीचा हॉर्न झाला का गं?

धाकटी : शाळेचीच आहे. बसा तुम्ही. मी खिडकीतून सांगते त्याला, आज काही न्यायचं नाही म्हणून.

रंगारी : पोरं खट्टू होतील.

धाकटी : पोरांना सांगेन, आमचे काका अजून ऐकतायत. आणि या ढिगांचं काय करू? द्यायच्या, ठेवायच्या?

रंगारी : एकत्र कर सगळं. माझं मत आता कशाला धरायचं? त्या विंचूवाल्या बाईची माफी मागायला लागेल की काय कोण जाणे.

मावशी : आणि ती पंखे पुसायची?

रंगारी : तीच तर भीती आहे मावशी. एक आवडली होती, तिच्यावर आता रडावं लागणार.

मावशी : रडशील तेव्हा वर हाक मार. मी येते. दारही उघडं ठेवते आजपासून.

धाकटी : गेली गाडी. मग भाऊजी, आता धरून चालायचं ना, एक ऐकून झाली म्हणून?

रंगारी : एक कुठली? हिची दुसरी बाजू राहिली आहे. आणि बाकीच्या सगळ्या राहिल्या आहेत.