मोतीबिंदूचा गॉगल

(भवानी पेठेतलं शिवलीला अक्कांचं पाळणाघर. सकाळ. जाळीच्या दारात राजश्री, एसटी कंडक्टरच्या खाकी गणवेशात. हाताशी चार वर्षांचा सम्यक.)

शिवलीला : डबा दे, पोरगं दे आणि पळ. तुझी माळशिरसची गाडी सुटंल.

राजश्री : मी चढल्याशिवाय कशी सुटेल? अक्का, गॉगल कसला हा?

शिवलीला : ऊन हाय की.

राजश्री : सोलापुरात ऊन कधी नसतं? आणि तुम्ही तर सावलीत उभ्या आहात.

शिवलीला : लेकानं पाठवलाय पुण्याहून. म्हातारीनं हौस करू नये व्हय?

राजश्री : करा की. सिनेमातल्या इन्स्पेक्टरबाई दिसताय.

सम्यक : अक्का, मला घालायला दे ना.

शिवलीला : न्हाय! हात लावू नको. लांब हो, सोन्या.

राजश्री : एवढं काय ओरडायचं? रोज तर दारातच उचलून घेता त्याला.

शिवलीला : कंबर धरलीया आज.

सिद्धप्पा : (अक्कांचे यजमान, आतून येत) अगं ए, माझा मोतीबिंदूचा गॉगल कुटं ठिवलास? कवाधरनं हुडकतोय मी... आरं, राजश्री! ये, ये. हिला जरा धर बघू. डोळ्यात थेंब घालू देत न्हाय. लहान पोरागत डोळं मिटून घेती.

शिवलीला : अय्यो, सुम्मनिर्री! तुमाला गप बसायला काय हुतं हो?

सिद्धप्पा : मी काय केलं आता?

राजश्री : गॉगल काढा, अक्का.

शिवलीला : घे. काढला. झालं समाधान?

राजश्री : अगं बाई! लालभडक झालेत की डोळे.

सम्यक : माझे पण असेच झाले होते!

राजश्री : हो ना, राजा. गुरुवारी फोन करून बोलावून घेतलंत मला. दुसऱ्या दिवशी सकाळी जरा बरा दिसला म्हणून परत आणला, तर ह्याच दारात काय म्हणालात, आठवतंय?

शिवलीला : म्हटलं असंल कायतरी.

राजश्री : 'डोळं स्वच्छ हुईस्तोवर ह्या उंबऱ्याच्या आत पाऊल न्हाय. पाया पडलीस तरी न्हाय.' मी खरंच पाया पडायच्या बेतात होते! सगळ्या ड्युट्या गेल्या माझ्या. सासूबाईंना गावाहून बोलवावं लागलं. घरी जाऊन तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या म्हणून सांगू.

शिवलीला : घातल्यास ते बरं केलंस.

सिद्धप्पा : मी बी पहाटेपास्नं सांगतोय हिला, आज दार लावून घे. ऐकंल तर शप्पथ.

शिवलीला : काय ऐकू? त्या कोपऱ्यावर नवीन पाळणाघर निघालंय की, थंड हवेचं. पोरगं काय करतंय ते आईला मोबाइलवर दिसतं म्हणं. मी चार दिस दार लावलं की दानेश्वरीची गौरी तिकडं जाईल, तिच्या मागनं ती जुळी जातील. गेलेलं पोरगं माघारी येतंय व्हय? आणि खरं सांगू का, मला पोरांबिगर घर खायला उठतंय ग. भ्या वाटलं, म्हणून घातला गॉगल.

राजश्री : आणि सगळ्या पोरांना लागलं असतं म्हणजे?

शिवलीला : हात धूत हाय की सारखी. लांबनं सांभाळणार हुते.

राजश्री : लांबून! तुम्ही? तो शिवू तर तुमच्या मांडीवरून उतरत नाही दिवसभर.

शिवलीला : व्हय ग. न्हाय जमलं असतं. कळतंय मला.

राजश्री : पण तुम्हाला लागलं कुठून? बाकी कुणाच्या पोराचे तर डोळे आले नाहीत.

सिद्धप्पा : कुटनं म्हंजे? तुझ्याच...

शिवलीला : सुम्मनिर्री म्हटलं न्हवं!

सम्यक : मी रडत होतो ना, तर अक्कानं मला ह्या पायरीवर मांडीवर घेतलं. आणि पदरानं डोळे पुसले. आणि आई येतच नव्हती.

राजश्री : मी गाडीवर होते रे, पंढरपूरच्याही पुढं. अक्का, मी येईपर्यंत तुम्ही ह्याला घेऊन इथं बाहेर बसला होतात?

शिवलीला : मग काय करायचं? बाकीच्या पोरांना हे आत सांभाळत हुते. ह्याला त्यांच्यात ठिवता येत न्हाय, आणि एकटं कसं ठिवायचं? डोळं चोळून चोळून रडत हुतं लेकरू.

राजश्री : बोलला नाहीत मला. आणि मी शिव्या घालत बसले.

शिवलीला : त्या फिटल्या आता. जा तू, उशीर हुतोय.

राजश्री : मोबाइल द्या तुमचा. आयांच्या ग्रुपवर टाकते.

शिवलीला : नको ग, राजश्री.

राजश्री : ऐका तर. 'अक्कांचे डोळे आलेत. पोरांना लागू नये म्हणून अक्का स्वतःहून पाळणाघर बंद ठेवत आहेत.' स्वतःहून, बरं का. गॉगलचं मी कुठंच बोलत नाही.

सिद्धप्पा : पर ज्यांना रजाच न्हाय, त्यांनी काय करायचं?

राजश्री : त्यांची पोरं माझ्याकडं, अण्णा. सासूबाई आज गावाला निघाल्या होत्या, त्यांना थांबवते. पोरं येणार म्हटलं की भरलेली पिशवी आपणच रिकामी करतील. आणि माझा नवरा दीपक असतो दुपारनंतर घरी.

शिवलीला : तुझ्या सासूला, चांगुणाबाईंना सांग, शिवूला भातावर ताक लागतं, दूध न्हाय. आणि त्या जुळ्यांना शेजारी शेजारी झोपवू नका म्हणावं, एकमेकांना उठवत्यात... काय वाजलं ग? कुणाचं आलं?

राजश्री : दानेश्वरीचं.

शिवलीला : तिकडं घालती म्हणती ना?

राजश्री : वाचते. 'अक्का, जपा. आमची गौरी तुमच्याबिगर कुठं राहत नाही. मी रजा टाकते.'

शिवलीला : परत वाच.

राजश्री : 'आमची गौरी तुमच्याबिगर कुठं राहत नाही.'

सिद्धप्पा : आता रडू नको बाई. आत्ता थेंब घालायचेत, सगळे वाहून जातील.

शिवलीला : घाला. घाला कुटं घालायचेत ते.

राजश्री : चल सम्यक, तुला आजीकडं सोडते. पळत जाऊ.

सम्यक : अक्काची आई कधी येणार?

राजश्री : त्यांची आई कशाला रे?

सम्यक : डोळे आले की आई न्यायला येते.

शिवलीला : माझी आई न्हाय रे, सोन्या. कवाच देवाघरी गेली.

सम्यक : मग मी बसतो इथं पायरीवर. तुला कुणी न्यायला येईपर्यंत.