कष्ट नेमके झाले किती?

...आन मंग मशीनवर चार-चार आकडे कावून दाखवता? एकच दाखवा ना बापा! तुमाले सांगतो, मी किसनराव. तीस वर्सं जठारपेठेत हातगाडीवर भाजी इकली, आता पाच वर्सांपासून दुकानात बसून रायलो, तं शुगर चढली! डॉक्टर म्हने, "महिनाभर रोज मध्यम कष्टाचा व्यायाम करा, कार्डावर लिहून आना, नाही तं इन्सुलिनची सुई." सुईचं मले लय भेव! गेलो वरच्या मजल्यावरच्या जिममदी. सायकलीवर बसलो, पाय मारून रायलो, सायकल जागची हालत नाही, आन समोर पाहा... वॅट साठ, मेट चार, क्यालरी बावीस, नाडी एकशे दहा! आता सांगा, कष्ट नेमके झाले किती?

तिथं शिकवते तो तनवीर, मोठा सबुरीचा मानूस. "चाचा, वॅट म्हंजे तुमच्या पायाचा जोर." म्हंजे मी साठचा बल्ब? "हौ. आन मेट चार म्हंजे, चुपचाप बसल्यावर जेवढी ताकद लागते, तिच्या चौपट." अरे वा! आन क्यालरी? "वो तो अंदाज है चाचा. वजन किती टाकलं?" म्या टाकलं शहात्तर. भरते ऐंशी, पन बाजारात पोत्याचं वजन कापतेत का नाही? तसे कपड्या-बुटाचे चार किलो कापले! तनवीरनं कपाळाले हात लावला. मी म्हनलो, ते जाऊ दे, कष्ट नेमके झाले किती?

"आकडे सोडा चाचा. बोलता आलं पन गाता नाही आलं, तं मध्यम. गाताही आलं, तं हलकं." आता मले गानं कुठचं येते? जे येते ते सुरू केलं... "मेथीऽऽ घ्या! सांभाऽऽर घ्या, हिरवी कोथिंबीऽऽर!" त्यानं मशीन जड केली. "वांगेऽऽ!" अजून जड केली. "भेंडीऽऽ, कवळी भेंडीऽऽ!" नाडी दीडशे, पाय लटलट, डोळ्यापुढं काजवे... पन आवाज? चौकापर्यंत!

तेवढ्यात जिना चढून कोन आलं? खालच्या घरची माणिकबाई, हातात पिशवी, धापा टाकत! "भेंडी... कशी... देल्ली वो?"

तनवीर ओरडला, "देखो चाचा! बोलता येते, गाता येत नाही. मध्यम म्हंजे हे!"

घ्या! सायकल म्या मारली, मध्यम कष्ट माणिकबाईचे झाले! मंग माह्या कार्डावर? नाडी पाहून त्यानं 'भारी' लिहिलं, आवाज आठवून खोडलं, 'हलके' लिहिलं, माहे पाय पाहून तेही खोडलं... शेवटी काय लिहिलं सांगू? 'गळा एकदम फिट. बाकीच्या मानसाचं उद्यापासून सुरू.'

जातो बापा उद्या...